पाण्याखाली श्वास रोखू नका



उद्या आपली बस तारकर्लीला निघते आहे. यादीत स्कूबासाठी बरीच नावं आहेत, म्हणून दोन मिनिटं घेते.

आपण कृष्णाकाठची माणसं. कुणी माहुलीच्या संगमावर पोहायला शिकलं, कुणी सांगलीच्या घाटावर. पहिला धडा एकच: श्वास रोखून धर. स्कूबात हाच धडा जिवावर बेततो. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथे भरलेला श्वास रोखून वर आलात, तर छातीतली हवा पसरून फुप्फुस फाटू शकतं. दीड-दोन मीटरही पुरतात. बॉईलचा नियम तो हाच! श्वास चालू ठेवायचा आणि सावकाश वर यायचं.

‘मला पोहता येतं’ म्हणून सूचना न ऐकणं, दमा लपवणं, व्हिडिओसाठी प्रशिक्षकाचा हात सोडणं, दारू पिऊन उतरणं, यात कसलं शौर्य? आमच्या कामात बिघडलं तर मागची आवृत्ती परत लावता येते. फुप्फुसाची नाही.

बोटीतही लाइफ जॅकेट अंगावरच हवं. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले.

आणखी एक. डायव्हिंगच्या तक्त्यांत 300 मीटरच्या वरचा प्रदेश उंच धरतात. सातारा त्याच्या दुपटीहून उंच. म्हणून डाइव्ह करून लगेच घाट चढायचा नाही, ती रात्र मालवणातच काढायची.

बस सुटताना हजेरी जेवढी, परतताना तेवढीच भरली पाहिजे.