१६६ नंबरची मुलगी आणि रिटायर झालेले फौजदार



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा करून झाल्यावर गप्पा चालल्या होत्या. एक ताई म्हणाल्या, "आमचे हे मुंबई पोलिसातून रिटायर झाले त्याला दोन वर्षं होत आली. पण रात्री कुत्रं भुंकलं तरी उठून दारात जातात. मी म्हणते, अहो, संपली आता तुमची गस्त, झोपा." आम्ही सगळ्या हसलो. त्या मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दिवसभर गप्प बसून असतात गं. पस्तीस वर्षं ज्याचं काम केलं, तिथलं आता कुणी विचारत नाही."

तेव्हापासून ही गोष्ट तुम्हाला सांगायची मनात होती. गोष्ट मुंबईतल्या अंधेरीची आहे, खरी आहे, आणि वर्तमानपत्रांतून छापून आलेली आहे.

अंधेरी पश्चिमेला डी. एन. नगर पोलीस ठाणे आहे. तिथे राजेंद्र भोसले नावाचे सहायक फौजदार होते. हे पद तुम्हाला माहीत असेल. आपल्याकडची पोरं शिपाई म्हणून भरती होतात, मग हवालदार होतात, आणि नोकरीच्या शेवटी शेवटी खांद्यावर एक चांदणी लागते, ते सहायक फौजदार. भोसल्यांकडे हरवलेल्या माणसांचं काम होतं. पोलीस ठाण्यात या कामाला फार मान नसतो. दरोडा पकडला, खुनाचा तपास लागला, तर फोटो छापून येतो. हरवलेलं पोर सापडलं तर आईबाप पाया पडतात आणि निघून जातात.

२००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्यात १६६ मुली हरवल्याची नोंद झाली. भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या १६५ शोधून काढल्या. एक तेवढी राहिली. तिचं नाव मी सांगणार नाही. पेपरात आलं होतं, पण ती आता मोठी झाली आहे, तिला तिचं आयुष्य आहे. आपण तिला १६६ नंबरची मुलगी म्हणू, भोसलेही तिला त्याच नंबराने ओळखत होते.

२२ जानेवारी २०१३. सात वर्षांची ही पोर सकाळी शाळेला निघाली आणि शाळेत पोचलीच नाही. घर गरिबाचं, अंधेरीतल्या झोपडपट्टीतलं. पोलिसांत तक्रार झाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शोधलं, फोटो आणि फोन नंबर घालून पत्रकं छापली. भोसल्यांनी दोन वर्षं शोध घेतला. मिळाली नाही. आणि २०१५ मध्ये भोसले रिटायर झाले.

आता इथे जरा थांबते. रिटायर होणं म्हणजे पोलिसाच्या घरात काय होतं, हे ज्यांच्या घरात पोलीस आहे त्यांनाच कळेल. आपल्या राज्यात पोलीस ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. मुंबईत असेल तर बहुतेक वेळा तो पोलीस लाइनीत राहत असतो. अंधेरीला मरोळला, घाटकोपरला, वरळीला, नायगावला अशा लाइनी आहेत. खोली लहान असते, पण बाईने तिथे संसार केलेला असतो, पोरं तिथेच शिकलेली असतात, शेजारीण सख्ख्या बहिणीसारखी झालेली असते. नोकरी संपली की ठरलेल्या मुदतीत खोली सोडायची. मग कुणी बदलापूरला जातं, कुणी विरारला, कुणी गावी परत येतं. लाइनीतली पंचवीस-तीस वर्षांची माणसं एका वर्षात चहूकडे पांगतात. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत वर्षानुवर्षं राहिलेल्या पोलीस कुटुंबांचा घराचा प्रश्न किती दिवस चालू होता! २०२२ मध्ये आधी ५० लाख, मग २५ लाख आणि शेवटी १५ लाख रुपयांत घर द्यायचं सरकारने जाहीर केलं. तीन-चार महिन्यांत ५० चे १५ झाले. पण ते तेवढ्याच चाळींपुरतं. बाकीच्या लाइनीतल्या माणसाला पेन्शनीत मुंबईत घर घेणं म्हणजे अवघडच.

या पिढीने काम कसं केलं तेही ऐका. बारा तासांची ड्यूटी, त्यावर बंदोबस्त. गणपतीत आपल्या घरी आरती चालू असते तेव्हा हे कुठल्या तरी विसर्जनाच्या मिरवणुकीत उभे. आठ तासांची ड्यूटी मुंबईत पहिल्यांदा सुरू झाली ती २०१६ मध्ये, देवनार पोलीस ठाण्यात. दत्ता पडसलगीकर तेव्हा आयुक्त होते, आणि ही सूचना एका शिपायानेच केलेली होती. म्हणजे भोसले रिटायर झाल्यावर वर्षाने. त्यांच्या वेळच्या लोकांनी घरदार पाहिलंच नाही, आणि नोकरी संपल्यावर एकदम चोवीस तास घर. आमच्या त्या ताईंचे यजमान गप्प बसून असतात यात नवल नाही.

तर एवढं सगळं झाल्यावर भोसल्यांनी काय करायला हवं होतं? पेन्शन घ्यायची, नातवंडं खेळवायची, नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करायची. कुणी नावं ठेवली नसती. १६६ पैकी १६५ सापडल्या, याला आपण शंभरात नव्व्याण्णवाहून जास्त मार्क म्हणतो. पण त्यांनी त्या एका मुलीचा फोटो सोडला नाही. अंगावर वर्दी नाही, हातात अधिकार नाही, गाडी नाही, तरी ते तिच्या आईबापांना भेटत राहिले, चौकशी करत राहिले. नोकरीत असताना दोन वर्षं आणि नोकरी संपल्यावर सात वर्षं.

मला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? पोलीस ठाण्यात अधिकारी बदलतात. आज तपास एकाकडे, बदली झाली की दुसऱ्याकडे. नव्या माणसाला तो एक कागद असतो. त्या आईचा चेहरा ज्याने पहिल्या दिवशी पाहिला होता, असा माणूस भोसले होते. त्या आईला नऊ वर्षं हे माहीत होतं की आपल्याखेरीज आणखी एक जण आपल्या लेकीला विसरलेला नाही.

आणि ती मुलगी सापडली. ४ ऑगस्ट २०२२ ला. सात वर्षांची गेली होती, सोळा वर्षांची होऊन आली. एका जोडप्याला मूल नव्हतं, त्यांनी तिला पळवलं होतं. काही काळ तिला दूर कर्नाटकात वसतिगृहात ठेवलं. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं आणि हिला परत मुंबईत आणून कामाला जुंपलं. सापडली तेव्हा ती कुठे राहत होती माहीत आहे? अंधेरीतच, स्वतःच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर बाजूला ठेवून जरा वेळ बसून राहिले.

आता ती सापडली कशी, हे नीट ऐका, कारण इथे पोलीस नाही, एक बाई आहे. ही माणसं आपले आईबाप नाहीत, हे त्या मुलीला कळलेलं होतं. ती ज्या घरी मूल सांभाळायला जायची, तिथे एक घरकाम करणारी बाई होती. तिला या पोरीने आपली हकीकत सांगितली. त्या बाईने तिला 'काहीतरी बोलू नकोस' म्हणून गप्प केलं नाही. दोघींनी मोबाइलवर मुलीचं नाव टाकून शोधलं, आणि २०१३ चं ते जुनं पत्रक समोर आलं. पत्रकावर पाच फोन नंबर होते. एक एक लावला. चार लागले नाहीत. पाचवा लागला. तो एका शेजाऱ्याचा होता. त्याने व्हिडिओ कॉल केला, तिच्या आईला दाखवलं, आईने लेकीला ओळखलं. मग पोलीस आले. वडील मात्र काही महिन्यांपूर्वीच वारले होते, त्यांची भेट राहिली.

पाचातला एक नंबर, मैत्रिणींनो. त्या शेजाऱ्याने नऊ वर्षांत सिमकार्ड बदललं असतं तर?

म्हणून आज मला गटातल्या बायांशी नंबराबद्दल बोलायचं आहे. आपण काय करतो? रिचार्जची स्वस्त स्कीम आली की नंबर बदलतो. मीसुद्धा बदललेला आहे, खोटं कशाला सांगू. पण ज्या घरातलं कुणी हरवलेलं आहे, त्या घराने तक्रारीत दिलेला नंबर बदलू नये. बदलावाच लागला तर तक्रारीची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जावं, नवा नंबर लेखी द्यावा, आणि आपल्या कागदावर पोच म्हणून शिक्का घ्यावा. दुसरा नंबर अशा माणसाचा द्यावा जो गाव सोडून जाणार नाही. दुकानदार, शाळेतले गुरुजी, अंगणवाडीच्या ताई.

आणखी एक. मूल हरवलं की "उद्यापर्यंत वाट पाहा, येईल" असं कुणीही सांगितलं, अगदी पोलीस ठाण्यातल्या माणसाने सांगितलं, तरी थांबायचं नाही. १० मे २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलंय असं धरून गुन्हाच नोंदवायचा. चोवीस तासांची कुठलीही अट नाही. मूल दुसऱ्या तालुक्यात हरवलं असेल तरी जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायचीच. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करी रोखणाऱ्या विशेष पथकाकडे जायला हवा, तो गेला का हे विचारायचं. फोन करायचा असेल तर ११२ आणि मुलांसाठी १०९८. हे दोन नंबर घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेत तरी चालेल.

त्या आईला एवढं सगळं सांगायला भोसले होते. आपल्याला कोण आहे? आहे की. प्रत्येक दोन-चार गावांत मुंबईहून रिटायर होऊन आलेला एखादा हवालदार, फौजदार असतोच. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा काही ठिकाणी या माणसांना समितीत घेतलं गेलं. नंतर त्यांच्याकडे फिरकलं कोण? आपण त्यांना सत्यनारायणाला बोलावतो आणि पहिल्या रांगेत खुर्ची देतो. तक्रार कशी लिहायची, त्यात वेळ, कपडे, अंगावरची खूण, शेवटी कुणी पाहिलं हे का लिहायचं, कुठल्या साहेबाला भेटायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, आणि ते डोकं रिटायर झालेलं नाही. अर्थात सगळेच भोसले असतील असं मी म्हणत नाही. काहींचा आवाज अजून ठाण्यातलाच असतो, बाई समोर बसली की दरडावून बोलतात. अशांना आपण चौघीजणी मिळून जायचं आणि सांगायचं, भाऊ, जरा हळू.

मी त्या ताईंच्या घरी गेले होते. त्यांच्या यजमानांना ही गोष्ट सांगितली. ते भोसल्यांना ओळखत नव्हते, त्यांची नोकरी दुसऱ्या ठाण्यात झालेली. पण सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या गटात किती मुलं आहेत?" मी म्हटलं, वीस बायकांची मिळून एकोणचाळीस. म्हणाले, "यादी आहे?" नव्हती. हप्त्याचं रजिस्टर आहे, कर्जाचं आहे, मुलांचं नाही. त्यांनी तिथल्या तिथे वहीच्या पानावर रकाने आखून दिले. मुलाचं नाव, जन्मतारीख, उंची, अंगावरची खूण, फोटो कधीचा, दोन फोन नंबर. फोटो दर वर्षी जूनमध्ये, शाळा उघडली की नवा लावायचा, कारण पोरांचा चेहरा वर्षात बदलतो. आणि ही वही कुणाच्याही हाती द्यायची नाही, गटाच्या पेटीत कुलूप लावून ठेवायची. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

ताई चहा घेऊन आल्या तेव्हा ते चश्मा लावून रकाने मोजत होते. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत.

येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मारुतीच्या देवळात ते बसणार आहेत. वही मी आणते. तुम्ही मुलांचे फोटो आणा, आणि नंबर आणाल तो चालू आहे ना, हे घरून निघायच्या आधी एकदा लावून बघा.