खोड्या करायचा हक्क



आत्ता आपण १९२३ सालचा 'डॉग्ज ऑफ वॉर' हा छोटा मूकपट पाहिला. भाज्या फेकून लढाई खेळणारी, मग फिल्म स्टुडिओत घुसून धुडगूस घालणारी ती पोरं पाहून आपण पोट धरधरून हसलो. शंभर वर्षं उलटली तरी हसू येतं. का बरं?

हॅल रोच या अमेरिकन निर्मात्याने १९२२ साली 'अवर गँग' ही मालिका सुरू केली. त्यामागची हकिकत तो सांगत असे. एक छोटी मुलगी काम मागायला आली होती. चेहऱ्याला रंग लावलेला, प्रत्येक हावभाव घोटून घेतलेला. तो कंटाळला. तेवढ्यात खिडकीतून रस्त्यापलीकडे काठ्यांवरून भांडणारी पोरं दिसली आणि तो बघतच राहिला. ती पोरं कुणासाठी गोड दिसत नव्हती. आपल्याला हसू येतं ते त्या मोकळेपणाचं.

मला मात्र ती खोलीतली मुलगी आठवत राहते. तिला असं गोड दिसायला कुणी शिकवलं? बाहेर जाऊन काठीसाठी भांडायची मुभा तिला होती का?

मालिकेत मेरी कॉर्नमन होती, पण टोळी मुख्यतः मुलग्यांचीच. फरिना झालेला अॅलन हॉस्किन्स हा काळा मुलगा वेण्या घालून यायचा. काळी-गोरी मुलं पडद्यावर एकत्र खेळणं ही तेव्हाच्या अमेरिकेत लहान गोष्ट नव्हती. पण काळ्या मुलांच्या भित्रेपणावर बेतलेले वांशिक विनोदही त्यातच आहेत. हसताना तेही नजरेआड करू नये.

आणि ही मुलं खेळत नव्हती, काम करत होती. 'द किड'मधल्या जॅकी कूगनला मोठेपणी, १९३८ साली, स्वतःच्या बालपणीच्या कमाईसाठी आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावावा लागला. त्यानंतर १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवणारा कायदा झाला.

आपल्या घरात मुलगा झाडावर चढला की 'द्वाड आहे' म्हणून कौतुक होतं. मुलगी चढली की 'मुलीच्या जातीला शोभत नाही'. हे सांगणाऱ्या बहुधा आपणच असतो. हा चित्रपट वस्तीतल्या मुलामुलींना एकत्र बसवून दाखवा. नंतर त्यांना अंगणात सोडा आणि काठी कुणाच्या हातात जाते ते बघा. मुलीच्या हातात गेली, तर काढून घेऊ नका.