धानातली वेगळी लोंबी

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



गेल्या खरिपात जंगलाला लागून असलेल्या एका गावात धानाची सभा घेतली. मी नेहमीचेच सांगितले : बियाण्याच्या बांधीतली भेसळ निसवण्याच्या वेळी उपटून टाका. सभा संपली, चहा झाला, माणसे पांगली. दाराशी बसलेला एक विशीतला मुलगा मात्र उठेना. सभेत तो एक शब्द बोलला नव्हता. सगळे गेल्यावर हळूच म्हणाला, "साहेब, उपटलं नाही तर चालंल का?"

त्याच्या घरची मंडळी मोहफूल, तेंदूपाने वेचणारी आणि दीड-दोन एकर धान करणारी. हा मुलगा घरामागच्या परसात रमणारा. परसात एका फुटक्या घमेल्यात चिखलासकट उचलून आणलेले धानाचे एक रोप होते. पाखरे येऊ नयेत म्हणून बाटल्या कापून त्याने वाऱ्यावर खडखडणारी भिंगरी लावली होती. लोंबी बारीक दाण्याची, बाकी धानापेक्षा आठ-दहा दिवस आधी पिवळी पडलेली. घरचे हसत होते. आदल्या वर्षी अशाच दोन लोंब्या त्याने आढ्याला टांगल्या होत्या, त्या कोणीतरी चुरून कणगीत टाकल्या. तो काही बोलला नाही. बोलला असता तरी ऐकले कोणी असते?

खरे सांगायचे तर त्या दिवशी मीच थोडा ओशाळलो. कारण आमच्या पुस्तकात जिला भेसळ म्हणतात, तिच्यातूनच चंद्रपूर जिल्ह्यात एचएमटी धान निघाला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांची शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या बांधीत त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध लावल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत राहिले. बारीक दाण्याचा, चवीचा धान तयार झाला. १९९० च्या सुमारास तो बाजारात आला तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले. घड्याळाच्या कंपनीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता!

धान राज्याबाहेर गेला, पण दादाजींचे नाव त्याच्याबरोबर गेले नाही. पुढे विद्यापीठानेही हा वाण शुद्ध करून आपल्या नावाने प्रसारित केला. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला, तरी पैशाची ओढाताण शेवटपर्यंत सुटली नाही. जून २०१८ मध्ये ते वारले. एचएमटीशिवाय नांदेड चिन्नोर, डीआरके असे आणखी वाणही त्यांनी निवडले होते.

तेव्हा तुमच्या बांधीत वेगळे झाड दिसले तर काय कराल? आधी ते बियाण्याच्या बांधीत आहे की खाण्याच्या, ते पाहा. बियाण्याच्या बांधीत ते राहू देता येणार नाही, तिथे माझा जुनाच सल्ला कायम. पण उपटून धुऱ्यावर फेकू नका. मातीच्या ढेकळासकट काढून दुसऱ्या कोपऱ्यात किंवा त्या मुलासारखे घमेल्यात लावा. खाण्याच्या बांधीत असेल तर लाल दोरा बांधून तिथेच राहू द्या. झाड शेणखताच्या ढिगाशेजारी किंवा अगदी कडेला असेल तर जरा थांबा. जास्त खत, जास्त ऊन मिळाल्यानेही झाड वेगळे दिसते. तो गुण बियाण्यात उतरत नाही.

पिकल्यावर ती लोंबी विळ्याने वेगळी कापा, हातावर चोळा. खळ्यावर नेऊ नका. तिथे नेली की गेलीच समजा. दाणे चांगले वाळवून बाटलीत भरा, आत चिठ्ठी टाका. निम्मे दाणे दुसऱ्या घरी ठेवा, म्हणजे उंदीर किंवा घरातली माणसे यांच्यापैकी कोणीही सगळे संपवू शकणार नाही.

पुढच्या वर्षी पऱ्हे वेगळे टाका. रोवणी करताना एका जागी एकच रोप लावा आणि भोवती तीन मीटर मोकळे सोडा. शेजारी थोडे अंतर ठेवून ज्या वाणात ती लोंबी सापडली तो वाणही लावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? धान स्वपरागित पीक आहे, त्यामुळे पुष्कळदा गुण टिकतो. पण ते झाड संकरातून आले असेल तर पुढच्या पिढीत उंच, ठेंगणी, लवकर, उशिरा अशी नाना प्रकारची झाडे निघतील. घाबरू नका. हवी तीच निवडा, पुन्हा लावा. चार-पाच हंगाम यात सहज जातात. दादाजींनाही तेवढीच वर्षे लागली. मधेच शेजाऱ्याला बियाणे वाटू नका, आणि घरचा सगळा धान मोडून एकदम नवा तर मुळीच लावू नका.

आता वहीचे सांगतो, कारण इथेच आपली माणसे कमी पडतात. लोंबी कोणत्या तारखेला, कोणाच्या बांधीत, कोणत्या वाणात मिळाली, ते लिहा. निसवण्याची तारीख, उंची, लोळतो की उभा राहतो, किती वजन भरले, भात कसा शिजला हेही लिहा. खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. लाजू नका. २००१ साली पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षणाचा कायदा झाला. त्यात शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंद स्वतःच्या नावावर करता येते, आणि शेतकऱ्याकडून त्यासाठी फी घेतली जात नाही. अर्ज दिल्लीच्या प्राधिकरणाकडे जातो. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारले तर मार्ग दाखवतील. पण वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे हे तपासले जाते, तेव्हा ही वहीच तुमच्या कामी येईल.

त्या मुलाच्या घमेल्यातून दीड मूठ दाणे निघाले. निम्मे त्याच्या मामाकडे आहेत. या पावसाळ्यात त्याने रोवणी केली आहे आणि रानडुकरांसाठी काट्यांचे कुंपणही घातले आहे. वाण निघेल की नाही, मी सांगू शकत नाही. निसवण सुरू झाली की मी पाहायला जाणार आहे. तुमच्याकडे असे काही असेल तर ग्रामपंचायतीत माझ्यासाठी निरोप ठेवा. सभेत बोलायला नको वाटत असेल तर नंतर सांगा, मी थांबतो.