मार्लेन नावाची आंबट बिअर

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण, थोडंसं आवरून.)



हातात मसाला दुधाचे ग्लास असताना हा माणूस बिअरवर बोलणार म्हटल्यावर आमच्या कार्यकारिणीत जरा चुळबुळ झाली. पण माझा विषय खरं तर आंबवण्याचा आहे, आणि त्यात आपण मंडळी काही कच्ची नाही. जानेवारीत इडलीचं पीठ फुगावं म्हणून ओव्हनचा दिवा रात्रभर चालू ठेवणारे इथे निदान दहाजण तरी बसलेले आहेत!

तर बर्लिनची एक जुनी बिअर आहे, बर्लिनर वाइसे. गव्हाची, हलकी, मद्य जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास, आणि चांगली आंबट. आंबट का? तर आपलं दही लावणाऱ्या जिवाणूंचे चुलतभाऊच तिच्यात काम करतात. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं या जिवाणूंना मानवत नाहीत, म्हणून ती नावापुरतीच घालायची. मग यीस्टची एक रानटी जात बाटलीत उरलेली साखर महिनोन् महिने सावकाश खात बसते आणि फळांसारखा वास येतो. नेपोलियनच्या सैनिकांनी हिला उत्तरेची शँपेन म्हटलं, असं सांगतात. जुने बर्लिनकर हिच्याबरोबर शहाजिऱ्याच्या दारूचा छोटा प्याला घेत. आंबटाला जिरं! ताकाची आठवण झाली की नाही?

पुढे मात्र हिची रया गेली. कारखाने एकेक करून बंद पडले, आणि पर्यटकांना हिरवं नाहीतर लाल सरबत घालून, स्ट्रॉ टाकून देण्याची वस्तू एवढीच ओळख उरली. मीही पहिल्यांदा तीच प्यायलो. अगदी आपल्या जत्रेतला बर्फाचा गोळा.

मग उलरिके गेन्त्स या बाईंनी श्नेऑयले, म्हणजे हिमघुबड, नावाची छोटी ब्रुअरी काढली. मद्यनिर्मितीचं शास्त्र शिकलेल्या या बाईंनी जुन्या बाटल्यांच्या तळाशी तग धरून राहिलेलं यीस्ट वाढवून जुनी पद्धत पुन्हा उभी केली. आमच्या धंद्यात जुन्या टेपवरून बॅकअप परत आणतात ना, तसंच. आणि त्या मूळ, बिनसरबताच्या बिअरला नाव दिलं मार्लेन. मार्लेन डीट्रिश, बर्लिनची लेक, हिच्यावरून.

आता ही बाई कोण? १९०१ साली शोनेबेर्गमध्ये जन्मली. १ एप्रिल १९३० रोजी 'निळा देवदूत' हा तिचा चित्रपट बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला आणि त्याच रात्री ती अमेरिकेला निघाली. नात्झींनी परत ये म्हणून निरोप धाडले, तिने ते धुडकावले. १९३९ मध्ये अमेरिकन नागरिकत्व घेतलं, युद्धात दोस्तांच्या सैनिकांपुढे गायली. १९६० मध्ये ती गायला बर्लिनला आली, तेव्हा 'मार्लेन, घरी जा' असे फलक घेऊन लोक उभे होते. फलकही इंग्रजीत! स्वतःच्या गावात. १९९२ मध्ये पॅरिसमध्ये वारली, पण पुरलं बर्लिनमध्येच, आईच्या कबरीपासून जवळ. मानद नागरिकत्व शहराने दिलं ते २००२ मध्ये. आणि मग ही बिअर.

हे सगळं मी का सांगतोय? तर माझा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज भरून टेबलावर पडला आहे. जून २०२४ पासून जर्मनी म्हणते, जुनं नागरिकत्व ठेवा, आमची हरकत नाही. हरकत आपल्या देशाची आहे. तो निळा पासपोर्ट जमा करावा लागतो. मग ओसीआय कार्ड मिळतं, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आमची कुठे आहे शेती, तो भाग वेगळा. आईला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आता इकडे यायला तुला व्हिसा लागणार का रे?" मी ओसीआय समजावत बसलो. तांत्रिक उत्तर बरोबर होतं. तिने विचारलेलं ते नव्हतंच.

माझी तुलना मार्लेनशी नाही, हे सांगायला नको. तिच्यासमोर हिटलर होता, माझ्यासमोर फक्त विमानतळावरची लांब रांग. पण त्या फलकांपाशी मी अडकतो. गाव सोडलेल्या माणसाला गाव कधी काय म्हणेल, याचा काही नेम नाही.

मी त्या बिअरच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. एक मित्रांबरोबर संपली. पहिल्या घोटाला सगळ्यांचे चेहरे कैरी खाल्ल्यासारखे झाले होते, दुसऱ्याला कोणी नाही म्हणालं नाही. दुसरी तळघरात आडवी ठेवली आहे. ही बिअर वर्षानुवर्षं टिकते, चव फक्त बदलत जाते. अर्जाचं काय ते ठरलं की उघडीन. तोवर दूध घ्या, गार होतंय.