आखातातला बाजार आणि आपल्या गटाची वही

(प्रभाग संघाच्या मेळाव्यात क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा.)



आज मला कर्जाच्या परतफेडीवर बोलायला सांगितलंय. पण मी सुरुवात करणार आहे दुबईच्या किराणा दुकानापासून. हसू नका. सध्या गटांत कर्जाच्या मागणीची जी कारणं येतात, त्यात म्हैस, शिलाई मशीन, मुलीची फी यांच्याबरोबर आणखी एक कारण येतंय, "पोरगा आखातात चाललाय, एजंटाला पैसे द्यायचेत." आपण सही करतो. पण तो तिकडं काय खाणार, कुठं खरेदी करणार, हातात किती उरणार, हे कुणी विचारत नाही. आणि परतफेड येते ती त्या उरलेल्यातूनच.

घर सोडून कमवायला जाणं आपल्याला नवं नाही. जावळी, पाटणची माणसं मुंबईत माथाडी झाली. खानापूर, आटपाडी, तासगावची गलाई मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. गिरणगावातल्या माणसांना पोटभर जेवण कोण घालत होतं? खानावळवाल्या बाया. त्या बायांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज त्यांना मिळवून दिलं. म्हणजे बाहेरगावी राहणाऱ्या माणसाचं ताट आणि बाईच्या हातातला हिशेब यांचं नातं जुनं आहे. आता ते ताट समुद्रापलीकडं गेलंय, एवढंच.

तिकडचा दिवस कसा असतो ते बघू. एकट्या यूएईत म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा या भागात 35 लाखांहून जास्त भारतीय राहतात. त्यात मोठे साहेब आहेत, नर्स आहेत, ड्रायव्हर आहेत आणि बांधकामावरचे मजूरही आहेत. आपली बहुतेक मुलं जातात ती मजुरी, ड्रायव्हिंग, हॉटेल, वेल्डिंग, गोदाम अशा कामांवर. राहायला कंपनीची खोली, एका खोलीत सहा-आठ जण, वरखाली पलंग. कंपनीची खोली नसेल तर 'बेड स्पेस' घ्यायची. खोली नाही, फक्त पलंगाएवढी जागा भाड्यानं.

बायको-मुलांना का नेत नाहीत, असं तुम्ही विचारता. यूएईत कुटुंब न्यायला नवऱ्याचा पगार निदान 4,000 दिरहम लागतो, किंवा 3,000 आणि कंपनीचं घर. मजुराचा पगार तिथपर्यंत पोचत नाही. त्यामुळे तो तिकडं आणि तुम्ही इकडं. यात त्याच्या मनाचा दोष शोधू नका.

आता बाजार. गल्लीच्या कोपऱ्यावर छोटं किराणा दुकान असतं, त्याला 'बकाला' म्हणतात. दूध, पाव, अंडी, कांदा, फोनचं रिचार्ज तिथं मिळतं. ओळखीच्या गिऱ्हाइकाला वहीवर उधारी मिळते, अगदी आपल्यासारखी. आणि ती वहीच पगार खाते, हेही अगदी आपल्यासारखंच. सुट्टीच्या दिवशी मोठ्या मॉलमधल्या बाजारात जातात. तिथं आपल्या भेंडी-गवारीपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं मिळतं, पण भाजीपाला, धान्य बहुतेक बाहेरच्या देशांतून आलेलं, त्यामुळे भाव त्या हिशेबाने. शिवाय खरेदीवर कर लागतो, यूएईत 5 टक्के, सौदीत 15 टक्के.

मराठी जिभेला लागेल तेही मिळतं. 1984 साली दातार कुटुंबाने दुबईत एक छोटं किराणा दुकान काढलं, 'अल अदील' नावाचं. आज धनंजय दातारांना तिकडं 'मसाला किंग' म्हणतात. पीठं, मसाले, लोणची, पापड असा आपल्याकडचा माल तिकडं विकून हा धंदा वाढला. आपल्या घरात ज्याला आपण "काय त्यात, रोजचंच" म्हणतो, त्यावर तिकडं दुकानांची साखळी उभी राहिली. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा यावर येते.

आणि जेवण. हॉटेलं केरळी, पाकिस्तानी, पंजाबी, सगळ्या तऱ्हेची आहेत. टपरीवर 'करक' म्हणजे कडक चहा आणि पराठा मिळतो. 'खुबूस' नावाची तिथली रोटी स्वस्त आणि पोटभरीची. पण रोज बाहेर खाल्लं तर पगार तिथंच संपतो. म्हणून मुलं दोन वाटा धरतात. एक म्हणजे मेस, महिन्याचे पैसे भरून डबा. दुसरी म्हणजे खोलीतल्या सगळ्यांनी मिळून सामान भरायचं आणि पाळीपाळीनं स्वयंपाक करायचा. दुसरी वाट स्वस्त पडते. पण त्यासाठी स्वयंपाक यावा लागतो!

इथं मी जरा स्पष्ट बोलते. आपण मुलाला पासपोर्ट काढून देतो, बॅग घेऊन देतो, पण गॅसजवळ येऊ देत नाही. "त्याला नाही जमायचं," म्हणतो. मावश्यांनो, आठ तास, दहा तास काम करून आल्यावर त्याला तिकडं कुणी वाढणार नाही. डाळ-भात, पिठलं, कांद्याची भाजी, अंड्याची पोळी एवढं तरी जायच्या आधी शिकवा. त्याने वाचवलेला प्रत्येक दिरहम तुमच्या हप्त्यात येणार आहे. आणि परत आल्यावर सुनेलाही मदत होईल, ते वेगळंच.

आता वही उघडू. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला. दिरहमचा भाव रोज थोडा बदलतो, सोपं म्हणून 23 रुपये धरू. पगार समजा 1,200 दिरहम, म्हणजे 27,600 रुपये. ऐकायला छान वाटतं. खोली कंपनीची, जेवण स्वतःचं. जेवणाला 400, फोन आणि जाण्यायेण्याला 100, चहा, साबण, औषध, दाढी-कटिंगला 100. उरले 600 दिरहम, म्हणजे 13,800 रुपये. एजंटाने सांगितलेल्या पगाराच्या बरोबर निम्मे.

एजंटाने घेतले समजा 1,20,000. गटातून काढले, महिना 2 टक्क्याने. पहिल्या महिन्याचं व्याजच 2,400. आलेल्या 13,800 मधून घरखर्चाला 8,000 ठेवले तर हप्त्याला राहतात 5,800. हे कर्ज फिटायला किती महिने लागतील? मी मांडून बघितलं, 27 महिने. आणि नोकरीचा करार किती वर्षांचा असतो? बहुतेक वेळा दोन. म्हणजे 24 महिने. करार संपला, मुलगा घरी आला, तरी हप्ता चालूच. यात आजारपण नाही, पगार लांबला तर ते नाही, बहिणीचं लग्नही नाही.

आता दुसरा आकडा बघा. आपल्या सरकारकडं नोंदणी असलेल्या एजंटाला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच फी घेता येते, म्हणजे 35,400. त्याची पावती द्यावी लागते. तोच 5,800 चा हप्ता धरला तर हे कर्ज सातव्या महिन्यात फिटतं. पगार तोच, जेवण तेच. फरक फक्त एजंटाचा. म्हणून आपल्या आखाती कर्जाची परतफेड दुबईत ठरत नाही, आपल्या गटाच्या बैठकीत ठरते.

तेव्हा असा अर्ज आला की बैठकीत हे विचारा :

एक. एजंटाचा नोंदणी क्रमांक काय? 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तो तपासता येतो. सीआरपी ताईंना मोबाईलवर बघायला सांगा. गावातला "ओळखीचा माणूस" म्हणजे एजंट नव्हे.

दोन. व्हिसा कसला? कामाचा पाहिजे. "आधी व्हिजिटवर जा, तिकडं गेल्यावर बदलून देतो" असं म्हणाला की तिथंच थांबा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडं गुन्हा आहे.

तीन. करारपत्र हातात आहे का? त्यात पगार, कामाचे तास, राहणं, जेवण आणि तिकीट कुणाचं, हे लिहिलेलं असावं. जेवण कंपनीचं की स्वतःचं, या एका ओळीने आपल्या हिशेबात किती फरक पडतो ते आत्ता बघितलंच.

चार. दहावी झालेली आहे का? नसेल तर पासपोर्टवर ईसीआर म्हणजे परवानगी लागणार असा शेरा असतो आणि आखातातल्या सहाही देशांत कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. तेव्हा प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचं संरक्षण. दहावी झालेल्या मुलांनीही ती मागून घ्यावी.

आणि बायांसाठी खास सांगते. ईसीआर पासपोर्ट असलेल्या 30 वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी आखातात जायची परवानगी मिळत नाही. मोठ्या वयाच्या बाईलाही खाजगी एजंटामार्फत नाही, सरकारी संस्थांमार्फतच जाता येतं. कुणी "आम्ही करतो सगळं, वय वाढवून घेऊ" म्हणत असेल तर तो तुमच्या मुलीला अडचणीत ढकलतोय. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर लिहून घ्या : 1800 11 3090.

आता एक गोष्ट, जी सगळ्या आयांनी कान देऊन ऐकावी. बॅग भरण्याची. उन्हाळ्यात आपण वर्षाची चटणी करतो. मिरची, धणे, खोबरं, तीळ, आणि खसखस. दिवाळीला अनारसे करतो, त्यावर खसखस. ताईंनो, यूएईत खसखशीला बंदी आहे. आपल्यासाठी तो मसाला, तिकडच्या कायद्याला तो अफूच्या झाडाचा भाग. सौदी, कतारमध्येही तेच. विमानतळावर सापडली तर "आईनं प्रेमानं दिलं" हे कुणी ऐकत नाही, अटक होऊ शकते. म्हणून पाठवायच्या चटणीत खसखस घालू नका, तीळ वाढवा. अनारसे इथंच खाऊ घाला. तंबाखू, गुटखा, पान बॅगेत नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात सामानात घेत नाहीत. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडोलसारखी वेदनेची गोळी तिकडं परवानगीशिवाय चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारपाजारच्या कुणी "आमच्या पोराला एवढी पुडी दे" म्हणून दिलेलं बंद पाकीट घेऊ नका. नात्यातलं असलं तरी उघडून बघा. राग आला तर येऊ दे.

मग द्यायचं काय? शेंगदाण्याची चटणी, चकली, शंकरपाळ्या, साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीची हळद आणि बेदाणा. खोलीतल्या आठ जणांत वाटून खाल्लं की चार दिवसांत संपतं, पण चार दिवस तो घरी जेवतो.

पैसा आल्यावरचं थोडं. पैसे दिराच्या, सासऱ्याच्या खात्यावर येतात आणि कर्ज मात्र तुमच्या नावावर असतं, असं मी गावोगाव बघते. ज्या बाईने गटात सही केली, हप्त्याची रक्कम तिच्या खात्यावर आली पाहिजे. हे मुलाला किंवा नवऱ्याला जायच्या आधी सांगा, गेल्यावर फोनवर सांगणं अवघड जातं. बँकेतही सांगावं लागतं. परदेशात नोकरीला गेलेल्याचं साधं बचत खातं एनआरओ करायचं असतं आणि तिकडून कमाई पाठवायला एनआरई खातं काढता येतं. आणखी एक, परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर चालते. म्हणून "पैसे पाठवतो, रान घेऊन ठेवा, माझ्या नावावर करा" असा निरोप आला तर आधी वकिलाला विचारा. सोनं आणायचं असेल तर एक वर्षापेक्षा जास्त राहून येणाऱ्या बाईला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅम दागिन्यांपर्यंत सवलत आहे. त्यातल्या अटी बदलत असतात, निघायच्या आधी चौकशी करावी.

शेवटी ती दुकानाची गोष्ट. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोरेगावच्या वाघ्या घेवड्यालाही आहे. माल आपल्याकडं आहे, खाणारी माणसं तिकडं आहेत. लगेच निर्यात करा असं मी म्हणत नाही, त्याला परवाने, तपासण्या, मोठा माल लागतो. पण सुट्टीवर आलेला प्रत्येक माणूस परत जाताना काहीतरी घेऊन जातो. त्याच्यासाठी खसखस नसलेली चटणी, नीट सील केलेली, वजन, तारीख आणि घटक लिहिलेली, अन्न परवान्याचा नंबर असलेली अर्ध्या किलोची पाकिटं दोन-तीन गटांनी मिळून केली तर? तो बाजार आपल्या एसटी स्टँडवरच आहे.

पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. आपल्या गटात कुणाचं माणूस आखातात आहे, कुणाचं जाणार आहे, त्यांची नावं लिहा. ज्याचं जाणार आहे त्याचा हिशेब मी सांगितला तसा वहीच्या एका पानावर सगळ्यांसमोर मांडा. 35,400 च्या वर मागणी असेल तर पावती मागितल्याशिवाय ठराव करू नका. यात कुणाचं जाणं अडवायचं नाही. जाणाऱ्याला कर्जाच्या ओझ्याखाली दोन वर्षं उपाशी राहायला लागू नये, एवढंच बघायचं.

हिशेब मांडताना अडलं तर मला फोन करा, मी बैठकीला येईन.