विमानात कुठे बसायचं?

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, एसटीत राखीव जागेसाठी आपण कंडक्टरशी भांडतो. पण दिल्लीच्या बैठकीला विमानाने जायची वेळ आली की मिळेल तिथे बसतो, आणि ती जागा बहुधा मधली असते.

एअरबस ए-३२० सारख्या विमानात मधून एकच वाट, दोन्हीकडे तीन-तीन खुर्च्या. ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी वाटेकडच्या, बी आणि ई मधल्या. मधल्या खुर्चीचे दोन्ही हात शेजारच्या पुरुषांचे आणि आपण दोन तास अंग चोरून! ही सवय इतकी जुनी की गैरसोय जाणवतसुद्धा नाही.

एकटीने जाणारीला मी सी किंवा डी घ्यायला सांगते. खिडकीतून दिसतं छान, पण उठायचं तर दोघांना उठवावं लागतं. मग पाळी असो, मधुमेह असो, बाई पाणीच पीत नाही. वाटेकडे कोपराला ट्रॉली लागते, तेवढं सोसावं. विमान हलतं तेव्हा पंखांजवळ धक्के कमी, शेपटाकडे जास्त. संकटकालीन दारापाशी पाय पसरता येतात, पण गरोदर बाईला किंवा कडेवर मूल असलेलीला तिथे बसू देत नाहीत.

२०१७ साली एअर इंडियाने देशांतर्गत विमानांत ६ जागा एकट्या बायकांसाठी राखल्या. २०२४ मध्ये इंडिगोने, कोणत्या जागा बायकांनी घेतल्यात ते वेब चेक-इनच्या वेळी बाईला दिसेल अशी सोय केली. सोय जरूर घ्या. पण यात जागा बाईनेच बदलायची, हात लावणारा जिथल्या तिथे! २०१७ च्याच सरकारी नियमांत नकोशा स्पर्शाला ६ महिन्यांपर्यंत विमानबंदी ठरली. मात्र त्यासाठी मुख्य वैमानिकाची तक्रार लागते. म्हणून डोक्यावरचं बटण दाबा, कर्मचाऱ्यांना मोठ्याने सांगा, वैमानिकापर्यंत पोचवायला लावा. उतरल्यावर बघू म्हणू नका.

आणि हो, हवी ती जागा निवडायला बऱ्याचदा वेगळे पैसे पडतात. संस्थांच्या हिशेबात हा खर्च चैन म्हणून खोडलेला मी पाहिलाय. खजिनदार बाई इथे बसल्यात म्हणून सांगते, तो प्रवासखर्चातच धरा.