हा आवाज पातेल्याचा नाही
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माहितीपट किंवा चित्रपट तयार होताना त्यातलं चित्र, आवाज आणि गोष्ट यांचं एकमेकांशी काय नातं असतं, याविषयी मला आज बोलायचं आहे. मी या विषयातला तज्ज्ञ नाही. मराठी घेऊन बी.ए. केलं आणि कविता लिहितो, एवढंच. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजची पाच मुलं घरी आली. त्यांना कल्हईवर बारा मिनिटांचा माहितीपट करायचा होता आणि निवेदन माझ्याकडून लिहून हवं होतं. माझ्या कवितांमुळे आली असतील असं मला क्षणभर वाटलं. तसं काही नव्हतं. गावातले शेवटचे कल्हईवाले हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आमचे चाचा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

ज्यांच्या लहानपणी घरात फक्त स्टीलच होतं त्यांच्यासाठी सांगतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा, ती कल्हई. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. भांडं तापलं की त्यात नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठतो, डोळ्यांत पाणी येतं. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, ते कापसाच्या बोळ्यानं भराभर आतून फिरवायचं आणि भांडं बादलीतल्या पाण्यात बुडवायचं. चर्र! त्या आवाजासाठी आम्ही पोरं शाळा बुडवून बसायचो.

चाचांनी काम जवळजवळ थांबवलं होतं. मुलांसाठी त्यांनी एक दिवस भाता मांडला. मुलांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, थोडा लांब, म्हणजे चाचा, भट्टी, मागचं कडुलिंबाचं झाड, सगळं चौकटीत बसेल. दिवसभर चित्रण झालं.

संध्याकाळी पाहायला बसलो. काही चित्रं सुंदर होती, काही बिघडली होती. कारणं मला पुढे कळली. कॅमेऱ्यातलं सगळं त्यांनी आपोआप होऊ दिलं होतं. नवसागराचा पांढरा धूर उठला की कॅमेऱ्याला वाटायचं, उजेड फार झाला. मग तो चित्र काळं करायचा आणि चाचांचा चेहरा बुडायचा. निखाऱ्यांचा तांबूस उजेड त्याला चुकीचा वाटायचा. तो पांढऱ्याकडे ओढायचा, आणि विस्तवातला विस्तवपणाच जायचा. ट्यूबलाइटखाली घेतलेल्या मुलाखतीत भिंत लुकलुकत होती. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदात १०० वेळा कमीजास्त होतो. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही, पण कॅमेऱ्याची झडप त्याच्याशी जुळली नाही तर त्याला दिसतं. सेकंदाला २५ चित्रं घ्यायची आणि झडप सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवायची, की ते थांबतं. उजेड आणि रंग हातानं ठरवून टाकायचे. ही दुरुस्ती सोपी, पुढच्या चित्रणात मुलांनी ती केलीही.

आवाजाचं मात्र वाटोळं झालं होतं. भाता ऐकूच येत नव्हता. ऐकू येत होती रस्त्यावरची वाहनं, पलीकडच्या दुकानातलं गाणं आणि कुठला तरी पंखा. भांडं पाण्यात पडलं तेव्हा चर्रऐवजी एक चेपलेला, फाटका आवाज आला.

मुलं म्हणाली, "सर, तिथं तर आम्हाला सगळं नीट ऐकू येत होतं!"

खोटं बोलत नव्हती. माणसाचा कान एकटा ऐकत नाही, मागे मेंदू बसलेला असतो. लग्नाच्या मांडवात एवढ्या गोंधळात आपण समोरच्याचं बोलणं निवडून घेतो ना, तसं. माइकला निवडता येत नाही. जे पोचेल ते तो घेतो. आणि अंतर दुप्पट केलं की मोकळ्यावर आवाजाची तीव्रता चौथाई होते. माइक कॅमेऱ्यावर, कॅमेरा पंधरा फुटांवर. त्यात आवाजाची पातळीही आपोआप. शांत झालं की यंत्र कान टवकारणार आणि रस्ता आत घेणार, मोठा आवाज आला की दचकून त्याला चेपणार. आवाज मर्यादेबाहेर जाऊन एकदा फाटला की नंतर पुरता दुरुस्त होत नाही. चित्र थोडं काळं झालं तर उजळता येतं, फाटलेल्या आवाजाला ती सोय नाही.

माझे एक मित्र नभोवाणीतून ध्वनिमुद्रक म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा पडदा बंद करून नुसतं ऐकलं. म्हणाले, "ऐकून काय चाललंय ते कळत नसेल, तर पाहूनही अर्धंच कळतं." हा रेडिओच्या माणसाचा अभिमान म्हणून मी सोडून दिलं. आता मला ते पटलं आहे. तुम्हीही एखादी मालिका आवाज बंद करून पाहा आणि मग पाठ फिरवून नुसती ऐका.

आवाजानं सिनेमाचा वेगसुद्धा ठरवला, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत. वेग थोडा इकडेतिकडे झाला तर डोळा चालवून घेई. पण फिल्मच्या कडेला आवाज उमटू लागला तेव्हा वेग जरा हलला तरी गाणं बेसूर होऊ लागलं. डोळा क्षमाशील, कान नाही. म्हणून सेकंदाला २४ चित्रं हा वेग पक्का झाला. आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. अर्देशीर इराणींच्या त्या चित्रपटाचं बरंच चित्रण रात्री करावं लागलं, कारण स्टुडिओजवळून रेल्वे जायची. माइक नटांच्या आसपास लपवून ठेवत. त्या चित्रपटाची आज एकही प्रत हाती नाही. उरलीत ती छायाचित्रं. पहिला बोलपट, आणि तो आपल्यासाठी मुका झाला.

परत आमच्या कल्हईकडे येतो. मी निवेदन लिहून ठेवलं होतं. "हा भाता म्हणजे चाचांचा दुसरा श्वास", "विझत चाललेल्या निखाऱ्यांत एक युग विझतं आहे", असं बरंच काही. मित्रांनी लाल पेन मागितलं. भाता दिसतोय, मग भाता म्हणून का सांगता? निखारा विझताना दिसतोय, मग विझतोय म्हणून का सांगता? नऊ पानांचं दीड पान झालं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण विचार करता लक्षात आलं, की कवितेत मी हेच इतरांना सांगत असतो आणि स्वतः मात्र चित्राच्या डोक्यावर शब्दांची टोपी घालत होतो. 'पथेर पांचाली'त (१९५५) हरिहर परत येतो, दुर्गेसाठी आणलेली साडी काढून दाखवतो, तेव्हा सर्वजयेचा आक्रोश आपल्याला तिच्या तोंडून ऐकू येत नाही. सत्यजित रायांनी तिथं तारशहनाईचे तीव्र सूर ठेवले. रडणं दिसतं, ऐकू येतं ते वाद्य. तिथं कुणी "मातेचं हृदय विदीर्ण झालं" असं निवेदन घातलं असतं तर?

गोष्टीचा क्रमही त्यांनीच बदलायला लावला. मुलांनी सुरुवात कल्हई म्हणजे काय, कथील कुठून येतं, अशी केली होती. ही माहिती झाली, गोष्ट नाही. गोष्टीला कुणाला तरी काहीतरी हवं असावं लागतं आणि ते मिळेल की नाही हे कळायला वेळ लागावा लागतो. इथं काय होतं? एक म्हातारा माणूस, एक पातेलं आणि ते चकाकेल का, एवढंच. ते पुरे होतं. मग सुरुवात काळ्या पडद्यावर भात्याच्या आवाजानं करायची ठरली. हुस्स, थांबणं, हुस्स. हे काय आहे, असं प्रेक्षकाच्या मनात आलं की मग चित्र. आवाज पुढे, चित्र त्याच्या मागून. संकलनात ही युक्ती नेहमीची आहे. घरात आपण आईच्या पावलांवरून ती येतेय हे आधी ओळखतो, मग ती दारात दिसते, तसंच हे.

पण भात्याचा आवाज आणायचा कुठून? मुलं हुशार. त्यांनी सायकलचा पंप आणि चामड्याची पिशवी वापरून भाता केला. चर्रसाठी घरातला लोखंडी तवा तापवून बादलीत बुडवला. यात गैर काही नाही. हॉलिवूडमध्ये जॅक फोली नावाचा माणूस युनिव्हर्सल स्टुडिओत पडद्याकडे बघत पावलांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज काढायचा. त्या कलेला आजही त्याचंच नाव आहे. सिनेमात ऐकू येणारी कितीतरी पावलं अशी नंतर चाललेली असतात. मुलांनी तव्याचा आवाज चित्राशी अचूक जुळवला. हे जुळवणं महत्त्वाचं. आवाज चित्राच्या आधी आला तर सुमारे ४५ मिलिसेकंदांची चूकही लक्षात येऊ लागते, उशिरा आला तर सव्वाशेपर्यंत आपण सहसा खपवून घेतो. कारण निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो. नदीकाठी लांबवर धुणं आपटलेलं आधी दिसतं, मग ऐकू येतं.

कच्चा माहितीपट आम्ही चाचांना दाखवला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रिया व्हायची होती. त्यांनी पडद्याकडे फारसं पाहिलंच नाही. मान खाली घालून ऐकत होते. भाता चालू झाला, काही बोलले नाहीत. शेवटी चर्र झालं तसं त्यांनी मान वर केली.

"हा आवाज पातेल्याचा नाही."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली.

"लोखंड आहे हे. तवा असेल. जाड भांडं पाण्यात गेलं की बराच वेळ बोलत राहतं. पातेलं पातळ, ते एकदाच बोलतं आणि गप होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाता पण माझा नाही. पण त्याचं चालेल. लोकांना काय कळतंय. याचं नाही चालणार."

"का चाचा?" एका मुलीनं विचारलं.

"कल्हई लागली का नाही, ते त्या आवाजावरनं मला कळायचं. पन्नास वर्षं."

खरं म्हणजे कार्यक्रम आठवड्यावर आला होता. गावात चाचांखेरीज कुणालाही हा फरक कळला नसता. एक मुलगा तसं म्हणालाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण माहितीपट म्हणजे 'हे असं होतं' असं सांगणं. सिनेमातला नायक चालला नाही तरी त्याच्या पावलांचा आवाज चालतो, कारण तो नायकच मुळात खरा नसतो. इथं माणूस खरा, पातेलं खरं, आणि ज्या एका आवाजावर त्यानं पन्नास वर्षं भरवसा ठेवला तोच तेवढा तव्याचा. मुलांनी पुन्हा मुद्रण करायचं ठरवलं.

भात्याचं चामडं एके जागी चिरलं होतं. चांभाराकडून ठिगळ लावून आणलं. चाचांकडे कथील बोटभर उरलं होतं, म्हणजे एकच पातेलं. ते शेजारच्या काकूंनी दिलं, त्यांच्या सासूबाईंचं तांब्याचं. पहाटे साडेचारला जमलो, रस्ता सुरू व्हायच्या आत. या वेळी माइक वेगळा, भट्टीपासून हातभर अंतरावर, वाऱ्यासाठी त्यावर लोकरीची टोपी. पातळी हातानं ठरवलेली, आणि मोठ्या आवाजासाठी वर भरपूर जागा सोडलेली. कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवली. टाळी दिसते आणि ऐकू येते, त्यावरून पुढे चित्र आणि आवाज जुळवतात. मग मित्रांनी सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं केलं आणि नुसती शांतता मुद्रित केली. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. संकलनात दोन आवाजांच्या मध्ये ती भरावी लागते, नाहीतर तिथं भोक पडल्यासारखं वाटतं. त्या एका मिनिटात लांबची अजान सुरू झाली. मुलानं यंत्र बंद करायला हात पुढे केला, मित्रांनी तो धरला. "राहू दे. ही पण इथलीच आहे."

अजान संपली आणि चाचांनी भाता हातात घेतला. धूर झाला. कुणी खोकलं नाही, तोंडावर रुमाल धरून सगळे उभे. कांडी फिरली, कापूस फिरला, आणि पातेलं पाण्यात गेलं. आवाज जेमतेम दोन सेकंदांचा. एकदाच बोललं आणि गप झालं.

कानाला हेडफोन लावलेल्या मुलीनं अंगठा वर केला. चाचांना तो दिसला नसावा. त्यांनी पातेलं बाहेर काढलं, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काकूंना सांगा, आज लगेच ताक ठेवू नका म्हणावं. एकदा भात शिजवा आधी."